वर्षा आडेने मागे घेतलेला बदल

विमलताईंनी वर्षाला पहिल्यांदा नीट पाहिलं ते मे महिन्यातल्या एका दुपारी. माडीवरची खोली तिला भाड्याने देऊन काही आठवडे झाले होते, पण जिन्यातल्या 'येते बाई' आणि 'जाते बाई' यापलीकडे ओळख गेली नव्हती. त्या दिवशी टाकीचा कॉक बंद करायला त्या वर गेल्या. खोलीचं दार उघडं होतं. आत कूलर घरघरत होता, पण त्याचं तोंड मुलीकडे नव्हतं. भिंतीलगत फळीवर जुने कॉम्प्युटर झाकणं काढून मांडले होते आणि कूलरचा सगळा वारा त्यांच्या उघड्या पोटांवर सोडलेला होता. मुलगी मात्र दुसऱ्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन ओढणीने मान पुसत बसली होती.

"अवं, कूलर मशीनले लावला का तुनं?"

"हो बाई. पानी नाही टाकलं त्यात, नुसतं वारं हाय. पानी टाकलं तर खराब होते मशीन."

"अन् तुले गरम नाही होत?"

"मले होते ना. पन मी गरम झाली म्हून बंद नाही पडत."

विमलताई कॉक बंद न करताच खाली आल्या. आर्णीच्या शाळेत त्यांनी उभा जन्म गणित शिकवलं होतं. हट्टी, हुशार, लबाड, सगळ्या तऱ्हेची मुलं त्यांच्या हाताखालून गेली होती. पण आर्णीच्या मे महिन्यात स्वतःचा कूलर भंगाराला देणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. आणि ते भंगारच होतं. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक बंद पडलेला कारखाना सामान विकून टाकत होता, तिथून वर्षाने ते ऑटोत घालून आणलं होतं.

वर्षा आडे आर्णीपासून थोड्या आत असलेल्या बंजारा तांड्यावरची. वडील प्रेमसिंग पांढरकवड्याहून हैदराबादच्या रस्त्याला ट्रक चालवायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी यवतमाळला शिकली, पुण्याला नोकरीला लागली आणि मग आई रुक्माबाईला अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात अधू झाला. रुक्माबाई पुण्याला यायला तयार होईना. चार दिवस राहून आली आणि म्हणाली, तिथं भिंतीला भिंत आहे पण माणसाला माणूस नाही. तेव्हा वर्षाच परत आली. तांड्यावर इंटरनेटची तार पोचत नव्हती म्हणून दिवसा आर्णीतली खोली, आणि संध्याकाळी स्कूटीवर तांडा. पोटापुरतं ती पुण्याचं सुटं काम करायची. उरलेला सगळा वेळ त्या उघड्या कॉम्प्युटरांचा होता, आणि त्या वेळाचे तिला कोणी काही देत नव्हतं.

"फुकट कायले करतं मग?" विमलताईंनी एकदा चहा देताना विचारलं.

वर्षाने सांगितलं, आणि बाई शिक्षिका असल्यामुळे पूर्ण कळेपर्यंत त्यांनी तिला उठू दिलं नाही.

कॉम्प्युटरच्या मुळाशी कर्नल नावाचा एक प्रोग्राम असतो. बाकीचे सगळे त्याच्या परवानगीने चालतात. त्याच्याकडे मेमरीचा नकाशा असतो, म्हणजे कोणत्या प्रोग्रामने कोणती वस्तू कुठे ठेवायची ते. प्रत्येक वेळी नकाशा उघडून बघायला वेळ जातो. म्हणून यंत्रातला प्रोसेसर नेहमीचे पत्ते स्वतःपाशी तोंडपाठ ठेवतो. आणि एका यंत्रात असे प्रोसेसर पुष्कळ असतात. जागा बदलली, एकाची काढून दुसऱ्याला दिली, की कर्नल सगळ्यांना हाक मारून सांगतो, जुना पत्ता विसरा. हाक आली की सगळ्यांना हातातलं काम थांबवावं लागतं.

"म्हणजे एका पोराचा बाक बदलला म्हून साऱ्या शाळेची घंटी वाजवाची," विमलताई म्हणाल्या.

"बराबर. मी म्हनते, ज्या वर्गात ते पोरगं बसून राह्यलं, त्याच वर्गाले सांगा. बाकीच्यायले कायले उठवता?"

एवढंच तिचं काम होतं. हाक मारणारा तो भाग ती दोन वर्षं घासत होती. बाईंना गंमत वाटली, आणि उगाच विचारावं तसं त्यांनी विचारलं, "हे वापरते कोन?"

"हा कर्नल जगभरच्या लोकायनं मिळून लिहेल हाय. तुमच्या हातातल्या फोनात तोच चालते बाई. बँकेत, रेल्वेत, दवाखान्यात."

विमलताईंनी फोन ओट्यावर ठेवला आणि काही वेळ त्याला हात लावला नाही. शेंगदाणे भाजण्यापासून पेन्शनपर्यंत सगळं त्या फोनवर बघत होत्या, आणि त्याच्या पोटात जे चालतं त्यात त्यांच्या माडीवरची पोरगी हात घालते आहे, हे काही केल्या पचेना.

त्या कामाची रीतही त्यांना अजब वाटली. काहीही आडून व्हायचं नाही. बदल सुचवायचा तर सगळ्यांना दिसेल असा पाठवायचा, खाली आपलं नाव घालून. जगातलं कोणीही वाचायचं आणि कोणीही बोलायचं. वर्षाने एक उत्तर मराठीत करून वाचून दाखवलं. कोणा गृहस्थाने लिहिलं होतं की हा बदल वाचून मला माझी सकाळ परत हवी आहे.

"तोंड आहे का गटार? मले पत्ता दे त्याचा," बाई म्हणाल्या.

वर्षा हसत सुटली. "बाई, त्यानं वाचलं तरी. मागच्या खेपेले कोनीच नाही वाचलं, तेव्हा मी रडली होती."

पुढल्या खेपेला ती तोच बदल दुरुस्त करून पाठवायची, मग पुन्हा. दिवाळी उलटल्यावर एक दिवस ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत आली. मेमरीच्या त्या भागाची राखण करणाऱ्या ब्राझीलच्या एका बाईंनी तिचा बदल स्वीकारला होता. कर्नलची पुढची आवृत्ती होळीनंतर निघायची होती, ती तिचं काम घेऊन जगभर जाणार होती. त्याहून मोठी गोष्ट तिने पाणी पिऊन सांगितली. तिच्यासोबत पुण्यात काम केलेला कपिल आता परदेशी कंपनीत होता. ती कंपनी तिला घेणार होती, याच कामासाठी, आर्णीत बसून. अट एकच होती, बदल त्या आवृत्तीत गेलेला पाहिजे.

"म्हणजे आता पुन्याले जानं नाही?"

"नाही ना बाई. कदीच नाही."

पुण्याचं सुटं काम आटत चाललं होतं हे विमलताईंना ठाऊक होतं. चार महिन्यांत काही झालं नाही तर पोरीला आईला सोडून पुन्हा जावं लागलं असतं. त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

मग फेब्रुवारीत नॉर्वेहून तक्रार आली. तिथल्या एका विद्यापीठात हवामानाची गणितं करणारं मोठं यंत्र होतं. त्यावर ही नवी, अजून बाहेर न पडलेली आवृत्ती कोणी चालवून पाहिली, तर क्वचित कधीतरी एखादा आकडा भलताच येत होता. सगळ्यांनी वाचलं. कोणी म्हणालं यंत्रातली मेमरी खराब असेल, कोणी म्हणालं त्यांचाच हिशेब चुकला असेल. वर्षाचं नाव कोणी घेतलं नाही. तिने आपल्या तिन्ही कॉम्प्युटरांवर आठवडाभर तपासलं, एकही आकडा हलला नाही. तिचं जेवण मात्र कमी झालं.

"तुह्यं नाही ना त्यात काही?" बाईंनी विचारलं.

"माह्या मशीनवर तर काहीच नाही सापडत," ती म्हणाली. हे उत्तर नव्हतं, हे बाईंच्या लक्षात आलं. वर्गातही मुलं अशीच उत्तरं द्यायची.

होळीला वर्षा त्यांना तांड्यावर घेऊन गेली. ऊसतोडीला गेलेली माणसं कुठेही असोत, होळीला तांड्यावर परततात. दिवस मावळत होता, वीज गेलेली होती, बायका डफावर लेंगी, होळीची गाणी, म्हणायला जमत होत्या. रुक्माबाई बाजेवर बसून डाव्या हाताने पुरणपोळी पानात सरकवत होत्या. तेवढ्यात ट्रक आला आणि सांगली-कोल्हापुराकडून आलेली मंडळी बोचकी घेऊन उतरली.

त्यात रामीबाई होती, वर्षाची दूरची काकू. हातात काकवीचा कॅन होता. वाटेत कोणाशी न बोलता ती अंधारात तरातरा आपल्या घरात शिरली, कोपऱ्यातल्या रांजणाचं झाकण काढलं आणि सगळी काकवी त्यात ओतली. दरसाल ती तसंच करायची. दुसऱ्या क्षणी आतून किंकाळी आली आणि नवी नवरी राखी, हातात दिवा घेऊन, दारात उभी राहिली.

झालं होतं असं, की रामीबाई उसाला गेलेली असताना तिचं घरकुल तांड्याच्या दुसऱ्या टोकाला बांधून पुरं झालं. थोरल्या मुलाने तिचं सामान तिकडे हलवलं आणि जुनं घर पुतण्याला, बादलला, दिलं. बादलचं लग्न झालं, राखीने संसार मांडला आणि कोपऱ्यातल्या रांजणात प्यायचं पाणी भरलं.

"पान्यात काकवी," राखी म्हणाली. "आता सरबत प्या साऱ्या तांड्यानं."

बायका हसून लोळल्या. रामीबाईचा थोरला मात्र चिडला. "साऱ्या तांड्याले सांगतलं होतं मी. लहान लेकरालेही ठाऊक हाय घर बदललं ते."

"मले सांगतलं का?" रामीबाई म्हणाली. "मी होती का इथं तवा? माह्ये पाय तर जुन्याच घरी येतीन ना."

"धाकट्या भावानं सांगतलं नाही तुले?" थोरल्याने विचारलं.

"त्याले वाटलं तू सांगशीन."

पुन्हा हशा पिकला. विमलताईही हसल्या, आणि हसता हसता वर्षाकडे वळल्या, तर ती हसत नव्हती. तिच्या हातातलं पान कलंडून पोळीवरचं तूप साडीवर ओघळत होतं आणि ते तिला कळलं नव्हतं. चेहरा असा, की कोणी वारल्याचा निरोप आला असावा.

"काय झालं वं?"

"बाई, आपन आर्णीले जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वतःच चहा घेऊन वर गेल्या, तेव्हा तिने सांगितलं. प्रोग्राम एका जागी बसून राहत नाही. तो एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर जातो आणि कधी कधी परत पहिल्यावर येतो. वर्षाचा बदल, तो जिथे आहे तिथेच सांगत होता. जिथून तो उठून गेला, तिथे जुना पत्ता तसाच तोंडपाठ राहत होता. परत आला की तो सरळ जुन्या पत्त्यावर जाणार, आणि तिथे आता दुसऱ्याचं काहीतरी ठेवलेलं असणार.

"मग तुह्या मशीनवर काहून नाही दिसलं?"

"माह्ये मशीन जुने हायेत ना बाई. जुना प्रोसेसर एका प्रोग्रामवरून दुसऱ्यावर गेला का सारंच विसरते. त्यायच्यावर हे कदीच होनार नाही, मी शंभर वर्षं तपासलं तरी. नवे विसरत नाहीत. एक एक प्रोग्रामचे पत्ते येगळे बांधून ठेवतात."

विमलताईंना वाटलं, रामीबाईचे उपकार झाले, तिच्यामुळे पोरीला सुचलं. तसं त्या म्हणाल्याही. वर्षाने मान हलवली.

"सुचलं तर मले नॉर्वेचं वाचलं त्याच दिवशी होतं. नव्या मशीनवर लावून पाह्याची हिंमत होत नव्हती."

तिने दूरदेशीचं एक नवं मोठं यंत्र तासाच्या भाड्याने घेतलं. तिच्या लॅपटॉपवरून ते चालवता येत होतं. त्यावर तिने छोटी परीक्षा मांडली. एक प्रोग्राम एकच आकडा लिहीत राहील, दुसरा दुसराच आकडा. दोघांना उठवत बसवत राहायचं, आणि कोणाच्या घरात कोणाचा आकडा सापडतो ते बघायचं. विमलताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. पडद्यावर ओळींमागून ओळी 'ठीक' म्हणत वर सरकत होत्या. बाईंना बरं वाटू लागलं. त्यांचा चहा संपायच्या आत एक लाल ओळ आली. मग आणखी. मग लालच लाल.

बाईंनी कप खाली ठेवला आणि पुढे वाकून ओळी वाचल्या. आकडे त्यांना कळत नव्हते असं नाही. उलट नीट कळत होते. एकाने जपून ठेवलेल्या जागी दुसऱ्याचा आकडा बसलेला होता, आणि ज्याची जागा त्याला पत्ताही नव्हता. त्या ओळींत त्यांना दवाखाना दिसला, एकाच्या रक्ताचा आकडा दुसऱ्याच्या कागदावर.

वर्षाने दोन्ही तळहात मांडीवर उपडे ठेवले होते.

आवृत्ती रविवारी निघणार होती. तिने कपिलला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

"कोणाला कळलंय का अजून?" कपिलने विचारलं.

"नाही."

"मग थांब ना दोन आठवडे. आवृत्ती निघू दे, करारावर सही होऊ दे, मग दुरुस्ती पाठव. अगं, दुरुस्त्या तर रोज जातात. कोण विचारतंय?"

"रविवारपासून लोकं मशीनीवर टाकतीन ते."

"लगेच कोणी टाकत नाही. वर्षा, आत्ता काढलंस तर तुझी जागा जाईल. मी काही करू शकणार नाही, आधीच सांगतो."

वर्षाने फोन ठेवला. विमलताईंच्या डोळ्यांसमोर रुक्माबाईचा डावा हात आला, पोळी सरकवणारा. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तो खोटं नाही म्हनत. दोन आठवड्यानं असं काय होते?"

बोलून झाल्यावर आपलाच आवाज त्यांना परका वाटला. कॉपी करणाऱ्या पोराला त्यांनी कधी दोन मिनिटांची सूट दिली नव्हती. वर्षाने त्यांच्याकडे पाहिलं, रागाने नाही. पाहिलं, आणि उठून स्कूटीची चावी घेतली.

ती तांड्यावर जाऊन आली. आईशी काय बोलणं झालं ते तिने नंतर सांगितलं. "याडीले म्हनलं, मले पुन्याले जा लागीन. तिनं इचारलं, काहून? म्या सांगतलं, माह्या हातानं एक चूक झाली, ते म्याच सांगतली तर नोकरी जाते. तिनं इचारलं, दुसऱ्या कोनाले दिसली का ते? म्या म्हनलं, नाही. तर म्हनते, मंग त्यायले कसं सापडीन वं, तुलेच काढा लागीन ना."

"अन् पुन्याचं काय म्हनली?"

"उठली अन् म्हशीले पानी पाजाले गेली."

दुपारी वर्षाने मागे घेण्याचं पत्र लिहिलं. त्या कामाची आणखी एक रीत आहे. दुरुस्ती पाठवताना चूक कोणत्या बदलाने आली ते लिहावं लागतं, आणि तो बदल कोणाचा हे कायमचं दिसत राहतं. चूक करणारीचं नाव आणि ती काढणारीचं नाव, दोन्ही वर्षा आडे. पाठवण्यापूर्वी तिने बाईंना मराठीत सांगितलं. माझा बदल चुकीचा आहे. जुन्या यंत्रांवर तपासल्यामुळे मला दिसला नाही. नॉर्वेच्या लोकांची मेमरी चांगली आहे, दोष माझा. परीक्षा सोबत जोडली आहे, कोणीही चालवून पाहा.

"बस, इतकंच? दोन वर्षाची मेहनत होती म्हून तरी लिही."

"ते त्यायच्या कामाचं नाही ना बाई."

तिने बोट दाबलं आणि पत्र गेलं. विमलताईंना वाटत होतं आता काहीतरी होईल, कोणी शिव्या देईल, कोणी पाठ थोपटेल. काहीच झालं नाही. संध्याकाळी ब्राझीलच्या बाईंचं एका शब्दाचं उत्तर आलं, 'घेतलं'. सकाळ परत मागणाऱ्या गृहस्थाने परीक्षेतल्या एका ओळीत स्वल्पविराम चुकल्याचं कळवलं. रविवारी आवृत्ती निघाली, वर्षाच्या कामाशिवाय, आणि आर्णीत कोणाला काही समजलं नाही. विमलताईंचा फोन नेहमीसारखा वाजला, पेन्शन जमा झाल्याचा संदेश आला. त्या संदेशाकडे त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

कंपनीने आठवड्याभराने कळवलं की यंदा जागा भरायची नाही असं ठरलं आहे. शब्द फार सभ्य होते. वर्षाने ते वाचलं, आणि चिंचा फोडायला बाईंच्या शेजारी बसली.

"पस्तावली तर नाही ना?" बाईंनी विचारलं.

"पस्तावली ना," वर्षा म्हणाली. "रोज पस्तावते. रामीबाईले इचारून राह्यली, याडीकडं लक्ष ठेवशीन का म्हून. ते म्हनते, ठेवीन, पन मले सारं सांगत जा. न सांगता काही बदलाचं नाही."

पावसाळा लागायच्या आत ती गेली.

वर्षा सध्या पुण्यात वाकडला दोन मुलींसोबत भाड्याच्या खोलीत राहते. आठवडाभर ती एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळते आणि रविवारी कर्नलचं काम करते.